कपाशीच्या पाकिटांचा अंदाज

कपाशीचे संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. संकरित वाणाच्या सरकीतून पुढच्या वर्षी उगवणारी झाडे एकसारखी येत नाहीत आणि उत्पादनही घटते, म्हणून घरची सरकी पेरण्याची पद्धत जवळजवळ संपली आहे. देशातील पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘संकर-4’, सुरतच्या संशोधन केंद्रातून 1970 मध्ये आला. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2 बाजारात आली. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातील जवळपास सगळे कापूसक्षेत्र या पाकिटांवर अवलंबून राहिले. हंगामापूर्वी किती पाकिटे लागतील याचा अंदाज बांधणे हे कृषी विभाग, बियाणे कंपन्या आणि कृषी केंद्रचालक या तिघांचेही दरवर्षीचे काम आहे.

हिशेबाचे सूत्र साधे आहे: पेरणीखाली येणारे क्षेत्र, दर हेक्टरी लागणारे बियाणे आणि बियाणे बदलाचा दर यांचा गुणाकार. सोयाबीनमध्ये तिसरा घटक महत्त्वाचा ठरतो, कारण हे पीक स्वपरागित आहे. शेतकरी घरचे दाणे राखून ठेवतात, गोणपाटावर शंभर दाणे भिजवून उगवण तपासतात आणि सत्तरच्या पुढे दाणे उगवले तर तेच पेरतात. त्यामुळे सोयाबीनच्या क्षेत्राचा काही भागच विकतच्या बियाण्याखाली येतो. कपाशीत हा दर शंभर टक्के धरला जातो. नियोजनात एकरी दोन, म्हणजे हेक्टरी पाच पाकिटे धरण्याचा प्रघात आहे. जिल्ह्यात कपाशीचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरच्या आसपास असते. या हिशेबाने गरज साडेबावीस लाख पाकिटांच्या घरात जाते.

सूत्रातला प्रत्येक आकडा मात्र हलता आहे. एकरी दोन पाकिटे ही सरासरी झाली. पूर्वी 450 ग्रॅम बीटी सरकीबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी मिळे. आता दोन्ही एकत्र मिसळून 475 ग्रॅमचे पाकीट येते. भारी काळ्या जमिनीत आणि ओलिताखाली झाडे फोफावतात म्हणून अंतर जास्त ठेवले जाते, तिथे एकरी पाकिटे कमी लागतात. हलक्या, मुरमाड रानात झाड लहान राहते आणि लागवड दाट होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेमार्फत प्रचारात आलेल्या अतिघन लागवडीत तर बियाणे कितीतरी जास्त लागते. वणीकडील वर्धा खोऱ्यातील जमीन आणि घाटंजी-आर्णीकडील माळरान यांना एकच प्रमाण लावले, की तालुक्यांचे आकडे चुकतात. सोळा तालुक्यांची मागणी वेगवेगळी मागवण्याचे कारण हेच आहे.

सर्वांत अवघड आकडा क्षेत्राचा असतो. मागील तीन किंवा पाच वर्षांच्या पेरणीची सरासरी हा त्याचा पाया. 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे प्रत्यक्ष पेऱ्याची गटनिहाय नोंद होऊ लागली आणि या पायाला थोडी बळकटी आली. पण येत्या जूनमध्ये शेतकरी काय पेरणार, हे सरासरीतून कळत नाही. त्याचा निर्णय मुख्यतः मागच्या हंगामाच्या भावावर ठरतो. 2021-22 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये असताना बाजारभाव दहा हजारांच्या पुढे गेला. अशा वर्षानंतर सोयाबीनची काही जमीन कपाशीकडे वळते. भाव पडले, वेचणीची मजुरी वाढली किंवा बोंडअळीने नुकसान केले, की ती परत सोयाबीन-तुरीकडे जाते. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि सोयाबीनचा 5,328 रुपये जाहीर झाला. अंदाज करणाऱ्याला या दोन भावांबरोबर दोन्ही पिकांचे एकरी उत्पादन आणि खर्चही मांडून पाहावा लागतो.

वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या व्यवसायातही अंदाजाचा हाच पेच दिसतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे 2010 च्या ऑक्टोबरमध्ये 1 कोटी 20 लाख वर्गणीदार होते. डिसेंबरमध्ये आलेल्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्ताराच्या पहिल्या 24 तासांत 33 लाख प्रती खपल्या. वर्गणीदारांची संख्या माहीत असली तरी त्यांपैकी किती जण विस्तार विकत घेतील आणि तो घेतल्यावर किती काळ टिकतील, हे वेगळेच गणित असते. 2014 च्या नोव्हेंबरमधील विस्ताराने वर्गणीदार पुन्हा एक कोटीवर गेले आणि पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत ते 56 लाखांवर उतरले. ग्राहकसंख्या हा अंदाजाचा आधार असला, तरी तीच मुळात अंदाजाचा विषय असते. कपाशीच्या पाकिटांमागचे क्षेत्रही तसेच आहे.

फरक आहे तो मालाच्या स्वरूपात. खेळाच्या डिजिटल प्रती हव्या तितक्या काढता येतात. बियाण्याला वर्ष लागते. तेलंगणातील गदवाल, आंध्रातील नंद्याल आणि उत्तर गुजरात या भागांत संकरित कपाशीचे बीजोत्पादन होते. मादी वाणाच्या फुलांतले पुंकेसर संध्याकाळी हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांवर नर वाणाचे पराग लावतात. हिवाळ्यात कापूस निघाला की सरकी वेगळी करणे, आम्लाने तंतू काढणे, उगवण व शुद्धता तपासणे आणि पाकीटबंद करणे, असे टप्पे पार करत माल मे महिन्यात जिल्ह्यात पोहोचतो. त्यामुळे कोणत्या वाणाची किती पाकिटे बनवायची हा कंपनीचा अंदाज वर्षभर आधीचा असतो. एप्रिल-मेमध्ये पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या खरीप आढावा बैठकीत मांडली जाणारी मागणी ही बनलेल्या मालाच्या वाटपासाठी असते. उत्पादन वाढवणे तोवर कोणाच्याच हाती राहिलेले नसते.

म्हणूनच एकूण पाकिटे पुरेशी असूनही टंचाई जाणवते. मागणी ठरावीक वाणांवर एकवटते. शेजारच्या रानात बोंड मोठे आले आणि वेचायला सोपे गेले, तर पुढच्या वर्षी गावच त्या वाणाची थैली मागते. पाकिटाची कमाल किंमत 2016 पासून केंद्र सरकार ठरवते. बोलगार्ड-2 साठी ती 2016 मध्ये 800, 2018 मध्ये 740 आणि 2025 मध्ये 901 रुपये होती. किंमत सगळ्यांना एकच असल्याने लाडक्या वाणाची ओढ किमतीत उतरत नाही. ती रांगेत किंवा काळ्या बाजारात दिसते. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात एका वाणासाठी दुकानांसमोर अशाच रांगा लागल्या होत्या.

विक्रीचे वेळापत्रकही आकडे हलवते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. हंगामपूर्व लागवड टळावी आणि अळीचे जीवनचक्र तुटावे म्हणून त्यानंतर काही हंगामांत 1 जूनपूर्वी शेतकऱ्यांना बियाणे विकण्यास मनाई करण्यात आली. विक्री मग थोड्या दिवसांत दाटते. पावसाआधी धूळपेरणी करणारे लवकर येतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबणारे नंतर येतात. पावसाने ओढ दिली तर नांग्या भरायला किंवा दुबार पेरणीला पुन्हा थैल्या लागतात. ही जास्तीची मागणी मेमधील कोणत्याही तक्त्यात नसते.

उलट दिशेने परिणाम करते ती चोरबीटी. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला देशात परवानगी नाही. निंदणाची मजुरी वाचते म्हणून तिला मागणी आहे, आणि ती बिलाविना विकली जाते. पेरा कपाशीचाच असतो, पण दुकानांतल्या नोंदीत तो दिसत नाही. भरारी पथकांच्या धाडींत सापडलेल्या साठ्यावरून तिच्या प्रसाराची दिशा कळते, प्रमाण कळत नाही. अधिकृत विक्री अंदाजापेक्षा कमी आली, तर क्षेत्र घटले की चोरबीटी वाढली, हे पेरणी अहवालाशी ताळा घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

हा ताळा जुलैअखेर सुरू होतो. कृषी केंद्रांचे साठा रजिस्टर, कंपन्यांकडे परत गेलेली पाकिटे आणि तालुक्यांचे पेरणी अहवाल शेजारी ठेवले जातात. विक्रीला क्षेत्राने भागले की प्रत्यक्ष हेक्टरी पाकिटे मिळतात, आणि ती पाचपेक्षा किती दूर आहेत त्यावरून पुढच्या वर्षीचे प्रमाण तालुकावार सुधारता येते. शिल्लक बियाण्याची उगवण पुन्हा तपासून ते मुदतवाढीसह विकता येते. नापास झाले तर बाद होते. कमी अंदाजाची किंमत शेतकरी नको असलेल्या वाणाच्या रूपाने मोजतो, जास्त अंदाजाची कंपनी आणि विक्रेता पडून राहिलेल्या मालाच्या रूपाने.