चर्चेची वंशावळ

केंद्रातील शिक्षण परिषदेत एखाद्या अडचणीवर दहा-बारा शिक्षक बोलतात. टिपणवहीत त्यांची मते बोलण्याच्या क्रमाने एकाखाली एक उतरविली जातात. महिन्यानंतर ती वही उघडली असता कोणते मत कोणाच्या बोलण्याला उद्देशून होते, हे सांगता येत नाही. ‘हे मान्य नाही’ असे वाक्य आढळते. पण काय मान्य नाही, याचा उलगडा होत नाही. वही भरलेली असते. परंतु द्विशिक्षकी शाळेतून जो शिक्षक आपली अडचण घेऊन आलेला असतो, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

हा दोष बोलणाऱ्यांचा नसून नोंदीच्या रीतीचा आहे. चर्चा रांगेसारखी सरळ वाढत नाही. ती झाडासारखी वाढते. एका प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात, त्यांपैकी एकावर शंका निघते, त्या शंकेचे समाधान होते. प्रत्येक बोलणे हे आधीच्या कोणत्या तरी एका बोलण्याचे अपत्य असते. तेव्हा नोंदीतही ही वंशावळ दिसली पाहिजे.

या दृष्टीला वऱ्हाडात जुना आधार आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केला. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. आपल्या जिल्ह्यातील लोणार व मेहकर येथील लीळाही त्यात आहेत. पुढे मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. स्मरणे सर्वत्र जुळली नाहीत; परंतु न जुळणारी आठवण पुसून टाकण्यात आली नाही. ती ‘शोध’ म्हणून त्या त्या लीळेशीच जोडून ठेवण्यात आली. वेगळे मत ग्रंथाच्या शेवटी एकत्र कोंबले असते, तर ते कशाविषयी आहे हे आज कोणास कळले असते? मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध केली. अशा संपादनकार्याला या जोडलेल्या नोंदींचा केवढा उपयोग होतो, हे सहज ध्यानी येईल.

महानुभावांच्याच ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी अशी मांडणी अधिक नेटकी केली आहे. प्रथम सूत्र, त्याखाली दृष्टांत आणि दृष्टांताखाली तो कशास लागू पडतो हे सांगणारे दार्ष्टांतिक, अशा तीन पायऱ्या तेथे आहेत. कोणता दृष्टांत कोणत्या सूत्राचा, याविषयी वाचकाचा गोंधळ होत नाही.

शाळेच्या वहीत हीच रीत आणण्यास वेगळे साहित्य लागत नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : पहिला अनुक्रमांकाचा, दुसरा ‘कोणत्या नोंदीस उत्तर’ याचा आणि तिसरा मजकुराचा. मूळ प्रश्नापुढे दुसऱ्या रकान्यात शून्य लिहावे. इतर प्रत्येक नोंदीपुढे, ती ज्या नोंदीस उद्देशून असेल तिचा क्रमांक लिहावा. सात-बाराच्या उताऱ्यावरील फेरफार क्रमांकावरून मागील व्यवहाराचा माग काढता येतो, तसाच येथे या क्रमांकावरून चर्चेचा माग लागतो. संगणकावरही अशा चर्चेची साठवण याच तत्त्वावर करता येते : प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या जनक नोंदीचा क्रमांक ठेवला की पुरे.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा की, तिसरीची मुले हातच्याची वजाबाकी का चुकतात? ही नोंद १. त्यावर मत २ : मुलांना स्थानिक किंमत उमगलेली नसते. मत ३, हेही १ ला उत्तर : मुले वरखाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. नोंद ४, ही २ ला : दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून शिकवावे. नोंद ५, ही ३ ला : म्हणूनच ५२ मधून १७ वजा करताना उत्तर ३५ ऐवजी ४५ येते. नोंद ६, ही ४ ला : गठ्ठे ठीक, पण ५०२ मधून १७ वजा करताना मुले मधल्या शून्यापाशी अडतात. नोंद ७, ही ६ ला : शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक करावेत, मग त्यांतील एक दशक सोडावा.

नुसत्या क्रमाने वाचल्यास ६ ही नोंद ५ ला उत्तर वाटते व अर्थ बिघडतो. शुद्धप्रत करताना प्रत्येक नोंदीखाली तिची उत्तरे बोटभर आत सरकवून लिहावीत. मग क्रम १, २, ४, ६, ७, ३, ५ असा होतो आणि दोन शाखा स्वच्छ दिसतात.

काही पथ्ये पाळावी लागतात. उत्तर नेहमी आधीच्या, म्हणजे लहान क्रमांकाच्या नोंदीसच असावे. म्हणजे नोंदी एकमेकींभोवती फिरत नाहीत. चुकीची नोंद खोडून नाहीशी करू नये. तिच्यावर एक रेघ मारून क्रमांक तसाच ठेवावा, नाही तर तिच्याखालील उत्तरे पोरकी होतात. एकाच बोलण्यात दोघांना उत्तर असेल, तर त्याच्या दोन नोंदी कराव्यात. शाखा चार पायऱ्यांहून खोल गेली, तर समासाला जागा उरत नाही. तेथून नवा प्रश्न मांडावा.

या रीतीचा खरा लाभ मात्र शेवटी दिसतो. वरील शुद्धप्रतीत दोन नोंदींखाली काहीच नाही : ७ आणि ५. सातव्या नोंदीत उपाय सांगून झाला आहे. पाचवीत मात्र मुलाची चूक नेमकी पकडलेली आहे आणि उपाय कोणीच सांगितलेला नाही. साध्या यादीत ही रिकामी जागा दिसलीच नसती. ५२ मधून १७ वजा करून ४५ लिहिणारे मूल तसेच चौथीत गेले असते. म्हणून पुढील परिषदेचा आरंभ नव्या विषयाने न करता, मागील वहीतील अशा रिकाम्या जागांपासून करावा, हे श्रेयस्कर होय.