राज्यघटनेचे भाग आणि त्यांत प्राथमिक शिक्षणाचे स्थान

राज्यघटना शिकविताना कलमांचे क्रमांक पाठ करून घेण्याकडे साहजिकच कल होतो. क्रमांक लक्षात राहतात. परंतु अमुक कलम त्याच ठिकाणी का घातले आहे, हे विद्यार्थ्यास उमगत नाही. वस्तुतः घटनेतील कलमे विषयवार भागांत विभागलेली आहेत, आणि एखादी तरतूद कोणत्या भागात आहे यावर तिचे बळ पुष्कळ अंशी अवलंबून असते. शिक्षकांच्या नित्य परिचयाच्या प्राथमिक शिक्षणाच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली व २६ जानेवारी १९५० पासून ती पूर्णपणे अमलात आली. मूळ घटनेत २२ भाग, ३९५ कलमे व ८ अनुसूची होत्या. भागांचा क्रम पाहण्याजोगा आहे. देश कोणता, हे पहिला भाग सांगतो. नागरिक कोण, हे दुसरा. नागरिकांचे मूलभूत हक्क कोणते, हे तिसरा. आणि राज्यकारभाराने कोणती ध्येये पुढे ठेवावीत, हे चौथा. राष्ट्रपती, संसद व सर्वोच्च न्यायालय यांची व्यवस्था यानंतर पाचव्या भागात, व राज्यपाल, विधानमंडळ आणि उच्च न्यायालये यांची सहाव्या भागात येते. म्हणजे आधी नागरिक व त्याचे हक्क, मग सत्ता चालविणारी यंत्रणा, असा हा क्रम आहे. पुढे केंद्र व राज्ये यांचे संबंध (भाग ११), वित्तव्यवस्था (भाग १२), निवडणुका (भाग १५), राजभाषा (भाग १७), आणीबाणी (भाग १८) व घटनादुरुस्ती (भाग २०) हे विषय येतात.

तिसरा व चौथा भाग शेजारी असले, तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. तिसऱ्या भागातील हक्काचा भंग झाल्यास कलम ३२ अन्वये नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे मात्र कलम ३७ अन्वये न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. देशाच्या कारभारात ती मूलभूत मानावीत व कायदे करताना शासनाने ती लागू करावीत, एवढाच निर्देश आहे.

प्राथमिक शिक्षणाला प्रथम या चौथ्या भागात स्थान मिळाले. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे मूळ कलम ४५ मध्ये म्हटले होते. ती मुदत १९६० साली संपली, परंतु उद्दिष्ट पुरे झाले नाही. पुढे २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क तिसऱ्या भागात घालण्यात आले, आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे. कलम ४५ आता सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण यांविषयी आहे. त्याच दुरुस्तीने, बालकास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून भाग ४-क मध्ये समाविष्ट झाले. शाळेबाहेर राहिलेले मूल म्हणजे पूर्वी शासनाचे एक अपुरे राहिलेले ध्येय होते. आता तो त्या मुलाच्या हक्काचा प्रश्न आहे. एका भागातून दुसऱ्या भागात येण्याचा हा अर्थ.

क्रमांकापुढील ‘क’ हे अक्षर विद्यार्थ्यांस कोड्यात टाकते. नवी तरतूद मध्ये घालताना पुढील सर्व क्रमांक बदलले, तर जुने कायदे व न्यायनिर्णय यांतील उल्लेख चुकीचे ठरतील. म्हणून लगतच्या क्रमांकास अक्षर जोडतात. गाळलेल्या भागाची जागाही तशीच राहते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी १९५६ साली सातवा व नववा हे दोन्ही भाग गाळण्यात आले. सातव्याची जागा अद्याप रिकामी आहे. नवव्याच्या जागी ७३ व्या दुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींविषयीचा भाग आला. ग्रामपंचायती स्थापाव्यात, हे तत्त्व चौथ्या भागात कलम ४० मध्ये पूर्वीपासूनच होते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून कायद्याने अस्तित्वात होत्या. नवव्या भागाने त्यांना घटनेचाही आधार दिला. या भागास जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षणाचा समावेश आहे.

वरच्या वर्गांत हा पाठ घेताना भागांची नावे फळ्यावर लिहावीत आणि परिचयाच्या घटना सांगून त्या कोणत्या भागाखाली येतील, हे मुलांस विचारावे. सहा वर्षांच्या मुलीचे नाव शाळेत दाखल झाले. वडिलांनी मुलास गुरे राखण्याऐवजी शाळेत धाडले. गावात ग्रामसभा भरली. लोकसभेसाठी मतदान झाले. अनुक्रमे तिसरा, चौथा-क, नववा व पंधरावा भाग अशी उत्तरे येतील. उत्तराबरोबरच ‘त्याच भागात का?’ असेही अवश्य विचारावे. त्याचे उत्तर मुलास स्वतःच्या शब्दांत देता आले, म्हणजे पाठाचा हेतू साध्य झाला असे समजावे.