विश्लेषण : पगार कंपनीचा, भरवसा प्रोग्रॅमरचा… ‘टेक इव्हँजेलिस्ट’ नेमके करतात काय?

तंत्रज्ञान कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींत प्रोग्रॅमर, टेस्टर, विक्री अधिकारी यांच्या जोडीला ‘डेव्हलपर इव्हँजेलिस्ट’, ‘डेव्हलपर ॲडव्होकेट’, ‘कम्युनिटी मॅनेजर’ अशी पदनामेही दिसतात. ही मंडळी थेट काही विकत नाहीत. मात्र, महाविद्यालये, मेळावे आणि परिषदांमध्ये ती कंपनीच्या तंत्रज्ञानाविषयी सतत बोलत असतात. हे काम म्हणजे निव्वळ जाहिरात आहे का? कंपन्या त्यासाठी पगार का मोजतात? आणि वापरकर्त्यांना न पटणारा निर्णय कंपनीने घेतला, तर या व्यक्तीने कोणाची बाजू घ्यायची?

हा शब्द आला कुठून?

‘इव्हँजेलिस्ट’ हा शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मपरंपरेतला. ‘चांगली बातमी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो तयार झाला. मराठी ख्रिस्ती समाजात त्यासाठी ‘सुवार्ता’ हा शब्द रूढ आहे. वसईच्या याच नावाच्या मासिकामुळे तो इतर मराठी वाचकांनाही परिचित आहे. संगणक क्षेत्रात हा शब्द रुजला तो १९८०च्या दशकात, ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश विभागात. विपणनाची धुरा सांभाळणारे माइक मरे यांना तो पदनाम म्हणून वापरण्याचे श्रेय दिले जाते. माइक बॉइच हे तेथील पहिले इव्हँजेलिस्ट. पण हे पद जगभर पोहोचवले ते बॉइच यांचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील मित्र गाय कावासाकी यांनी. १९८३ मध्ये ॲपलमध्ये येण्यापूर्वी कावासाकी दागिन्यांच्या व्यवसायात होते.

ॲपलला अशा माणसांची गरज का भासली?

मॅकिन्टॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. किंमत २,४९५ डॉलर आणि मेमरी अवघी १२८ केबी. सोबत ‘मॅकराइट’ आणि ‘मॅकपेंट’ हे दोन प्रोग्रॅम होते. एवढ्यावर संगणक खपणार नव्हता. ग्राहक म्हणणार, कामाचे सॉफ्टवेअर नाही तर यंत्र कशाला घेऊ? आणि सॉफ्टवेअर कंपन्या म्हणणार, यंत्र घेणारेच नाहीत तर सॉफ्टवेअर कोणासाठी लिहू? हा तिढा सोडवणे हे इव्हँजेलिस्टचे काम होते. जे यंत्र अजून कोणाच्या टेबलावर नाही, त्यासाठी आपला वेळ आणि पैसा घालायला दुसऱ्या कंपन्यांना राजी करायचे होते. १९८५ मध्ये अल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ आणि ॲपलचा लेझर प्रिंटर एकत्र आले आणि मॅकला हक्काचे काम मिळाले. पुढे महाराष्ट्रातील डीटीपी व्यावसायिकांच्याही हाताखालचे झालेले ‘पेजमेकर’ ते हेच. म्हणजे मॅकला तारणारी वस्तू बाहेरच्या कंपनीने लिहिलेली होती.

आज हे काम कसे चालते?

आज अनेक तंत्रज्ञान कंपन्यांचा माल सामान्य ग्राहकाला दिसतच नाही. ॲपमधला नकाशा, पैसे भरण्याची सोय, ओटीपीचा संदेश, माहिती साठवणारा क्लाउड या सेवा प्रोग्रॅमर निवडतात आणि आपल्या ॲपला जोडतात. संदेश आणि कॉलची सेवा देणाऱ्या ट्विलिओ या अमेरिकी कंपनीने ‘तुमच्या डेव्हलपरला विचारा’ अशा आशयाचे फलक सॅन फ्रान्सिस्को परिसरात लावले होते. खरेदीचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रोग्रॅमर चकचकीत जाहिरातीला सहसा भुलत नाही. त्याला चालणारा कोड, समजेल अशी माहिती आणि अडल्यावर उत्तर हवे असते. म्हणून इव्हँजेलिस्ट नमुना प्रोग्रॅम लिहितो, कार्यशाळा घेतो, प्रश्नांना उत्तरे देतो. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचे जेफ बार यांनी २००४ पासून दोन दशके नव्या सुविधा समजावून सांगणारे तीन हजारांहून अधिक लेख लिहिले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी २००५ मध्ये गुगलमध्ये ‘चीफ इंटरनेट इव्हँजेलिस्ट’ हे पद स्वीकारले.

पदनामांत फरकही आहे. इव्हँजेलिस्ट मुख्यतः कंपनीचे म्हणणे बाहेर पोहोचवतो. ॲडव्होकेटने बाहेरच्या तक्रारी आत न्याव्यात, ही अपेक्षा असते. कम्युनिटी मॅनेजर लोकांना एकमेकांशी जोडतो. प्रत्यक्षात अनेकदा एकच माणूस तिन्ही कामे करतो.

‘कम्युनिटी’ म्हणजे ग्राहकच ना?

नाही. ग्राहक पैसे देऊन वस्तू घेतो. कम्युनिटीतला माणूस आपला वेळही देतो. रेड हॅट कंपनीच्या पाठबळावर चालणारा ‘फेडोरा’ हा प्रकल्प याचे उदाहरण. त्याचे मेळावे २०११ आणि २०१५ मध्ये पुण्यातही झाले. अशा प्रकल्पांत दोष कळवणे, भाषांतर करणे, नवख्यांना शिकवणे ही कामे पगारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने स्वयंसेवक करतात. त्यातून विद्यार्थ्याला अनुभव आणि ओळख मिळते, कंपनीला सुधारलेले उत्पादन मिळते.

मात्र, हौस आणि फुकटची मजुरी यांच्यातील रेषा पुसट असते. अमेरिकेतील एओएल कंपनीचे चॅट कक्ष हजारो स्वयंसेवक सांभाळत. मोबदला म्हणून त्यांना इंटरनेट जोडणी मोफत किंवा सवलतीत मिळे. ठरावीक पाळ्या आणि नियम पाळायला लावता, तर वेतनही द्या, अशी मागणी करत १९९९ मध्ये काही जण न्यायालयात गेले. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर हे प्रकरण मिटले.

खरी कसोटी केव्हा लागते?

कंपनी नियम बदलते तेव्हा. मोबाइल गेम तयार करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘युनिटी’ने १२ सप्टेंबर २०२३ रोजी नवे शुल्क जाहीर केले. ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल, तितक्या वेळा गेम बनवणाऱ्याने पैसे द्यायचे, असा तो निर्णय. आधीच बाजारात आलेल्या गेमनाही तो लागू होणार होता. वर्षानुवर्षे याच साधनावर पोट असलेले छोटे गेम स्टुडिओ संतापले. दहा दिवसांत कंपनीने निर्णय सौम्य केला, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिकिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क रद्द करण्यात आले.

अशा वेळी ज्याने कालपर्यंत ‘हे साधन वापरा’ असे व्यासपीठावरून सांगितले, त्यालाच लोक जाब विचारतात. निर्णय त्याचा नसतो, पण शब्द त्याने दिलेला असतो. गप्प राहिला तर भरवसा जातो, कंपनीविरुद्ध बोलला तर नोकरी धोक्यात येते. त्यामुळे निर्णय जाहीर होण्याआधी कंपनी त्याला विचारते का, यावर या पदाची खरी किंमत ठरते. नंतर केवळ समजूत काढायला पाठवले, तर तो प्रवक्ता उरतो.

कामाचे मोजमाप कसे करतात?

इथेच मोठी अडचण आहे. कार्यक्रमाला किती जण आले, व्हिडीओ किती जणांनी पाहिला, नवी खाती किती उघडली, हे मोजता येते. पण एखाद्या विद्यार्थ्याची अडचण सोडवली आणि तीन वर्षांनी त्याने नव्या कंपनीत तेच तंत्रज्ञान निवडले, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. दर तिमाहीला आकडे दाखवायचे असल्यास गर्दी जमवण्याकडे कल वाढतो. जगभरातील तंत्रज्ञान कंपन्यांनी २०२२-२३ मध्ये मोठी नोकरकपात केली, तेव्हा त्याची झळ या विभागांनाही बसली. विक्रीशी थेट नाते दाखवता येत नसलेली माणसे आधी नजरेत येतात.

या क्षेत्रात यायचे असेल तर?

या कामासाठी ठरावीक पदवी लागत नाही. कोड लिहिता येणे, तो सोप्या भाषेत समजावता येणे आणि समोरच्याची तक्रार शांतपणे ऐकता येणे, या तीन गोष्टी लागतात. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत केलेले काम आणि लिहिलेले लेख हीच अनेकदा ओळख ठरते. मुलाखतीत मात्र उमेदवारानेही एक प्रश्न जरूर विचारावा. वापरकर्त्यांनी सांगितलेल्या दोषामुळे या कंपनीने शेवटचा निर्णय कधी बदलला? नोकरी बदलली तरी त्याने कमावलेला भरवसा त्याच्याबरोबर जातो आणि गमावलेलाही.