खेड्याच्या दारी सूक्ष्मतरंग

कुंभकोणम व तंजावर ही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील दोन प्राचीन नगरे होत. पैकी तंजावरचे नाव तेथील भोसले राजांमुळे मराठी वाचकांस परिचित आहे. या दोन नगरांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटरांचे अंतर असून वाटेत एकही टेकडी नाही; भातखाचरे, कालवे आणि नारळीच्या बागा एवढेच काय ते आढळते. बिनतारी संदेश धाडण्यास याहून सोयीची भूमी ती कोणती, असे कोणासही प्रथमदर्शनी वाटेल. परंतु गणित मांडू लागताच ही सपाटी दिसते तितकी निर्धोक नाही, हे ध्यानात येते.

सेकंदास सहा अब्ज आंदोलने करणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय लहरीची लांबी अवघी ५ सेंटिमीटर भरते. अशा आखूड लहरींस सूक्ष्मतरंग म्हणतात. बशीच्या आकाराच्या अँटेनाने त्यांचा झोत बांधता येतो आणि तो झोत प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ जातो. पृथ्वी मात्र गोल आहे. हवेच्या थरांतून जाताना झोत किंचित खाली वाकतो. ही सवलत हिशेबात धरूनही वाटेच्या मध्यावर जमिनीचा फुगवटा सुमारे १६ मीटर होतो. त्यावर २० मीटर उंचीचे माड उभे आहेत असे समजू. शिवाय झोत म्हणजे काही ताणलेली दोरी नव्हे. त्याच्या भोवती तेथे आणखी सुमारे १२ मीटर जागा मोकळी लागते, अन्यथा लहरींची शक्ती वाया जाते. तिन्ही मिळून ४८ मीटर झाले. म्हणजे दोन्ही टोकांस जे मनोरे उभारावयाचे, ते कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराच्या अकरा मजली गोपुराशी स्पर्धा करू लागले!

दुसरी अडचण पाण्याची. मेट्टूर धरणातून पाणी सोडले आणि खाचरे भरली, की तो सारा प्रदेश आरशासारखा होतो. झोताचा काही भाग त्या पाण्यावरून परावर्तित होऊन पलीकडच्या अँटेनावर पोहोचतो. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून आलेली लहर यांत अर्ध्या लहरीची, म्हणजे केवळ अडीच सेंटिमीटरांची तफावत पडली, तरी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो व संदेश क्षीण होतो. पहाटेच्या स्थिर हवेत हा प्रकार विशेष जाणवतो. त्यावर उपाय म्हणून एकाच मनोऱ्यावर निरनिराळ्या उंचीवर दोन अँटेना बसवितात; एकीवर लहरी परस्परांस मारतात त्या क्षणी दुसरीवर त्या बहुधा शाबूत असतात.

अंकीय पद्धतीचा लाभ येथेच दिसतो. जुन्या पद्धतीत आवाजाचे चढउतार जसेच्या तसे लहरीवर चढवीत. वाटेतील प्रत्येक मनोऱ्यावर संदेशाबरोबर खरखरही वाढे. अंकीय पद्धतीत केवळ शून्य आणि एक असे दोनच संकेत ओळखावयाचे असतात. ते ओळखून मनोरा नवे, स्वच्छ संकेत पुढे धाडतो आणि मागची खरखर मागेच राहते.

आता त्याच तामिळनाडूच्या पश्चिमेस, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या थेनी येथील एका प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे स्थापन केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची एक शाखा थेनीस आहे. डोळा दुखला म्हणून दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठणे शेतमजुरास परवडत नाही आणि मोतीबिंदू तसाच वाढत राहतो. म्हणून २००६ च्या सुमारास बोडिनायकनूर, आंडिपट्टी यांसारख्या आसपासच्या ठिकाणी लहान दृष्टिकेंद्रे बिनतारी दुव्यांनी थेनीशी जोडण्यात आली. केंद्रातील प्रशिक्षित सेविका डोळा तपासते. थेनीतील डॉक्टर पडद्यावर रोग्याशी बोलतात आणि त्यास शस्त्रक्रियेसाठी यावे लागेल की केवळ चष्मा पुरेल, हे सांगतात.

या कामी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी घरगुती वापराचे स्वस्त वाय-फाय यंत्रच घेतले. ते यंत्र मुळात एकाच इमारतीपुरते. प्रत्येक संदेशानंतर ते पोच येण्याची वाट पाहते, पण फारच थोडा वेळ. पंधरा किलोमीटरांवर जाऊन परत येण्यास लहरीस सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तेवढा धीर यंत्रास नसल्याने ते संदेश हरवला असे समजून तोच पुन्हा धाडी. संशोधकांनी हा नियम बदलला. दोन्ही टोकांनी ठरलेल्या वेळी आळीपाळीने बोलावे आणि पोच एकेका संदेशाची न देता एकदम अनेकांची द्यावी, अशी योजना त्यांनी केली.

खरा त्रास मात्र आकाशात नव्हता, भिंतीतील विजेच्या खोबणीत होता. खेड्यातील विजेचा दाब एकाएकी उसळे, तर कधी बराच वेळ उतरून राही. उसळीने यंत्र जळे. उतरलेल्या दाबाने ते अर्धवट चालू होऊन अडकून पडे, आणि अवचित बंद पडल्याने त्याच्या स्मृतिपट्टीवरील मजकूर बिघडे. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही दोष सारखेच दिसत: दुवा तुटला. मनोऱ्यावर चढून अँटेना फिरवीत बसावे, तर दोष तेथे नसेच. अखेरीस दाब ठराविक मर्यादेखाली जाताच यंत्रास विजेपासून तोडणारे एक साधे मंडल संशोधकांनी बनविले आणि स्थानिक कर्मचाऱ्यांस दोष ओळखण्याचे शिक्षण दिले. तेव्हा कोठे अमेरिकेतून माणूस येण्याची वाट न पाहता दुवे पुन्हा चालू करता येऊ लागले.