प्रश्न विचारणारा प्रतिनिधी

खासदाराच्या कामगिरीचा हिशेब मतदार बहुधा रस्ते, रेल्वेचे थांबे आणि उद्‌घाटने मोजून मांडतात. सभागृहात त्याने काय विचारले, याची चौकशी जळगावात क्वचितच होते, धुळ्यातही नाही. वास्तविक निधी मंत्र्यांच्या हाती आणि बहुमत सरकारच्या पाठीशी असताना विरोधी सदस्याजवळ उरतो तो प्रश्न. १९५७ साली धुळ्याने जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि पूर्व खानदेशाने नौशीर भरुचा यांना विरोधी बाकांवर पाठविले, ते या जाणिवेनेच असावे.

हे साधन ज्यांनी विलक्षण चिकाटीने वापरले त्या मधू लिमये यांचाही खानदेशाशी ऋणानुबंध होता. युद्धविरोधी भाषणांबद्दल १९४० च्या ऑक्टोबरात त्यांना अटक झाली आणि जवळजवळ वर्षभर खटल्याविना धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वय अवघे अठरा. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली याच तुरुंगात झाली होती. पुढे पुण्याचे हे गृहस्थ लोकसभेत गेले ते बिहारमधून : १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरहून, १९७३ च्या पोटनिवडणुकीत बांकाहून.

लिमये यांचा दरारा आवाजामुळे नव्हता, नियमांच्या अभ्यासामुळे होता. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तर सचिवालयातील अधिकारी तयार करतात. त्यानंतरच्या पुरवणी प्रश्नाला मात्र मंत्र्यालाच उभे राहावे लागते. खरी परीक्षा तेथे. १९७४ साली पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन गेल्याचे, आणि त्यांतील बहुतेक सह्या बनावट असल्याचे उघड झाले. तेव्हा चौकशीचा अहवाल सभागृहापुढे ठेवा, ही मागणी वाजपेयी, ज्योतिर्मय बसू यांच्याबरोबर लिमये यांनी लावून धरली. सरकारला अडचण झाली ती आरोपांची नव्हे, कागद मागितल्याची.

अशा प्रश्नाचे मोल केळी पिकविणाऱ्या रावेर-सावद्याच्या शेतकऱ्याला सहज कळावे. ‘केळी उत्पादकांच्या अडचणींकडे सरकारचे लक्ष आहे काय?’ या प्रश्नाला ‘होय’ एवढे उत्तर पुरते. किती वाघिणी मागितल्या, किती मिळाल्या, उरलेल्या का मिळाल्या नाहीत, असे विचारले की आकडा द्यावा लागतो. आणि एकदा दिलेला आकडा मंत्र्याला सहजासहजी मागे घेता येत नाही.

म्हणूनच सत्तेला हा तास नकोसा होतो. आणीबाणी पुकारल्यानंतर १९७५ च्या जुलैमध्ये भरलेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. लिमये त्या वेळी तुरुंगात होते. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा लोकांनी पाच वर्षांसाठीच निवडून दिले आहे अशा भूमिकेवरून त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. हे तुरुंगातून केले, हे ध्यानात घ्यावे. २०२० च्या सप्टेंबरात साथीचे कारण देऊन हा तास पुन्हा वगळण्यात आला. लेखी उत्तरे चालू राहिली, पुरवणी प्रश्न गेले. नेमके तेच गेले.

आज प्रत्येक सदस्याचे प्रश्न व त्यांची उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहता येतात. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार या चारही मतदारसंघांतील शिक्षकाला वा विद्यार्थ्याला प्रचारसभेत जाण्यापूर्वी ती चाळावयास अर्धा तास पुरेल.