विरळ हवेचा हिशेब

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या पश्चिमेस, मॉरिसन गावाजवळील डोंगरउतारावर १९५८ मध्ये बॅंडिमियर कुटुंबाने मोटारींच्या शर्यतींसाठी एक सरळ धावपट्टी सुरू केली. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ५,८०० फूट, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईपेक्षाही अधिक. पासष्ट वर्षे गाजलेली ही धावपट्टी २०२३ च्या हंगामानंतर बंद झाली. करमणुकीचे एक ठिकाण गेले, एवढाच या घटनेचा अर्थ लावणे योग्य होणार नाही. तेथे यंत्रविद्येचा एक अवघड प्रश्न वर्षानुवर्षे सोडविला जात होता आणि तो सोडविणाऱ्यांत विद्यापीठांच्या पदवीधरांइतकाच छोट्या गॅरेजांतील कारागिरांचाही वाटा होता.

ड्रॅग रेस हा प्रकार दिसावयास अगदी साधा आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होताच सुटतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर प्रथम कापणारी जिंकते. वळणे नाहीत, घाट नाही. काही सेकंदांत निकाल लागतो. म्हणूनच इंजिनाच्या शक्तीतील लहानशी उणीवही येथे झाकली जात नाही आणि डोंगरावर तर ही उणीव निसर्गानेच निर्माण केलेली असते.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु ते तितकेच हवेवरही चालते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. ते जाळण्यास लागणारा प्राणवायू मात्र वातावरण देईल तेवढाच मिळतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब प्रत्येक चौरस इंचास १४.७ पौंड असतो. ५,८०० फुटांवर तो ११.९ पौंडांच्या आसपास येतो. त्यात उन्हाळ्याच्या दुपारची ३२ अंशांची उष्णता मिळविली, की हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उरते. हवा केवळ ओढून घेणाऱ्या साध्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते.

यावरील उपाय जुना आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरायची, ही टर्बोचार्जरची कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड बुखी याने १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. तिची गाजलेली परीक्षा योगायोगाने याच कोलोरॅडो राज्यात झाली. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी विमानाचे इंजिन १४,१०९ फूट उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर घसरले. टर्बोचार्जर जोडताच त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. मोटारींच्या शर्यतींतही हेच दिसून आले. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनाच्या मोटारीने सरावफेरीत पहिल्यांदा अग्रस्थान मिळविले ते १९७९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील सुमारे पाच हजार फूट उंचीवरच्या क्यालामी येथे. ती मोटार रेनोची होती.

अशा यशांमुळे टर्बोचार्जर बसविला की उंचीचा प्रश्न सुटला, असा एक समज रूढ झाला आहे. तो अर्धसत्य आहे. टर्बोचार्जर उणीव भरून काढतो हे खरे. पण तिची किंमत दुसऱ्या खात्यातून वसूल करतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीवर वातावरणाच्या वर २० पौंड दाब चढविला, तर एकूण दाब ३४.७ पौंड होतो. म्हणजे हवा २.३६ पट दाबावी लागते. चालकासमोरचा मापक बहुधा वातावरणाच्या वरचाच दाब दाखवितो आणि दाब मर्यादेत ठेवणारी वेस्टगेट झडपही, केवळ स्प्रिंगच्या बळावर चालत असेल, तर तेवढाच ओळखते. म्हणून तीच मोटार डोंगरावर नेली तरी काटा २० वरच राहतो. प्रत्यक्षात मात्र एकूण दाब ३१.९ पौंडच असतो. काटा खोटे बोलत नाही. तो अर्धेच सांगतो. मापकदाब आणि निरपेक्ष दाब यांतील जो फरक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात, त्यावर येथे शर्यतीचा निकाल ठरतो.

हा फरक भरून काढावयाचा तर हवा २.३६ ऐवजी २.९२ पट दाबावी लागते. चक्र अधिक वेगाने फिरवावे लागते आणि दाबलेली हवा अधिक तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हा वाढीव ताप सुमारे ३५ अंशांचा होतो. तापलेली हवा पुन्हा विरळ होते. शिवाय सिलिंडरातील मिश्रण अवेळी पेटून दट्ट्यांवर आघात होण्याचा धोका वाढतो. हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला वाऱ्यावर विसंबावे, तर बाहेरचा वाराही विरळच. म्हणून जाणते कारागीर डोंगरासाठी मोठा कॉम्प्रेसर निवडतात, इंटरकूलरमध्ये बर्फाचे पाणी खेळवितात किंवा बाष्पीभवनाने सिलिंडर थंड ठेवणारे मिथेनॉल वापरतात.

इंधनाची गोष्टही अशीच. कोलोरॅडोच्या पंपांवर साधे पेट्रोल ८५ ऑक्टेनचे विकण्याची प्रथा आहे. विरळ हवेत साध्या इंजिनांना ते चालून जाई. टर्बोचार्जर मात्र सिलिंडरात समुद्रकाठची दाट हवा पुन्हा आणतो आणि डोंगराने दिलेली ही सवलत रद्द करतो. ज्याने हे ओळखले नाही, त्याचे इंजिन फुटलेच म्हणून समजावे.

सर्वांत कठीण क्षण सुटण्याचा. मोटार उभी असताना टर्बोचार्जरचे चक्र मंद असते आणि तोवर ते इंजिन विरळ हवेतले साधे, दुबळे इंजिनच असते. हवा कमी, म्हणून बाहेर पडणारे वायू कमी आणि म्हणून चक्रास वेग येण्यासही विलंब. यासाठी वायूंचा झोत जोरदार करणारे लहान टर्बाइन-कवच निवडतात आणि इंजिनाला जागच्या जागी अधिक फेरे घेऊ देणारा टॉर्क कन्व्हर्टर बसवितात. पण कवच फार लहान केले, तर शर्यतीच्या शेवटी तेच इंजिनाचा श्वास कोंडते. आरंभी मिळविलेले शेवटी गमवावे लागते. या दोहोंतील मध्य कोठे आहे, हे पुस्तकातील सूत्र अचूक सांगत नाही. ते पुनःपुन्हा धावून, वेळा नोंदवून, पुन्हा पाना हाती घेऊनच कळते.

धावपट्टी बंद होण्याचे दुःख येथे आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली, तिचा एक प्रमुख हेतू तरुणांच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरून हलवून देखरेखीखाली आणणे हा होता. शहरे वाढतात, जमिनीचे भाव चढतात, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु धावपट्टी गेली म्हणून तरुणांची वेगाची ओढ जात नाही. तिला जागा नाकारली, तर ती रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर उतरते आणि तेथे रुग्णवाहिका उभी नसते, तपासनीस नसतो, समोरून कोण येत आहे याचीही शाश्वती नसते.

शिवाय मोजमापाची शिस्तही हरवते. धावपट्टीवर प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापून हाती मिळे. आपला अंदाज चुकला की बरोबर ठरला, हे लगेच कळे. रस्त्यावर केवळ बढाई उरते. विरळ हवेत इंजिन बांधणाऱ्यांनी जो धडा गिरविला, तो मोटारींपुरता नाही. उणीव नाकारून ती भरत नाही, ती आधी नेमकी मोजावी लागते. आणि मोजण्यासाठी समाजाने कोठेतरी एक मोकळी, सुरक्षित जागा राखून ठेवावी लागते.