पासवर्डची लिंक आणि ५० हजार जाहिराती: मेल सर्व्हरने आधी कोणाला सोडायचे?

समजा, एका ऑनलाइन दुकानाने दिवाळीच्या ऑफरचा मेल ५० हजार ग्राहकांना पाठवायला घेतला. त्याच वेळी एका ग्राहकाने पासवर्ड बदलण्यासाठी लिंक मागितली. ही लिंक १० मिनिटांत बाद होते. दोन्ही मेल एकाच सर्व्हरवरून जाणार असतील आणि तिथे ‘आधी आला तो आधी’ एवढाच नियम असेल, तर लिंक हाती पडेपर्यंत तिचा उपयोग संपलेला असू शकतो. मग तातडीचा मेल सर्व्हरने ओळखायचा कसा? मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

मेलवरच शिक्का मारला तर?

एरिक ऑलमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात लिहिलेल्या ‘सेंडमेल’मध्ये ही सोय होती. मेलच्या हेडरमध्ये ‘प्रेसिडेन्स’ नावाची एक ओळ असे. तिथे ‘बल्क’ किंवा ‘जंक’ लिहिले की रांगेत मेलचा क्रमांक खाली जाई. मात्र सेंडमेल फक्त शिक्का पाहत नसे. मेलचा आकार, पत्त्यांची संख्या आणि आधी फसलेले प्रयत्न यांचीही बेरीज होई आणि ज्याची बेरीज कमी, तो मेल आधी जाई. मूळ सेटिंगमध्ये ‘बल्क’ शिक्क्याचा भार १,०८,००० आणि प्रत्येक पत्त्याचा ३०,००० होता. म्हणजे ‘बल्क’ म्हणवून घेण्याची शिक्षा चार पत्ते वाढवण्याहूनही कमी!

शिक्क्याची खरी अडचण मात्र वेगळी आहे. तो पाठवणाराच मारतो. आपली जाहिरात ‘जंक’ आहे, असे कोणता जाहिरातदार लिहून देईल? २०१२ मध्ये उणे ९ ते अधिक ९ असा प्राधान्यक्रम देण्याचे मानकही आले, पण पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तिथेच त्याला अर्थ आहे.

पोस्टफिक्सचा तोडगा

झेरॉक्सच्या दुकानात कोणी २०० पानांचा प्रोजेक्ट घेऊन उभा असतो आणि मागचा म्हणतो, “दादा, माझे एकच पान आहे.” बहुतेक वेळा त्याला पुढे जाऊ देतात. पण एकेक पानवाले येतच राहिले, तर प्रोजेक्टवाला संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहील.

विट्से वेनेमा यांच्या ‘पोस्टफिक्स’ने नेमका हाच पेच सोडवला. पॅट्रिक राक यांनी लिहिलेला रांग-व्यवस्थापक २००४ च्या २.१ आवृत्तीपासून त्यात मूळ म्हणून आला. मेल कशाबद्दल आहे, हे तो विचारत नाही. पत्ते किती आहेत ते मोजतो. मोठ्या मेलचे ५ पत्ते मार्गी लागले की १ जागा शिल्लक पडते आणि मागचा छोटा मेल अशा जागा वापरून पुढे जातो. (थोडी उसनवारीही चालते, पण तो तपशील झाला.) मोठा मेल स्वतः पुढे सरकल्याशिवाय नव्या जागा तयारच होत नाहीत. त्यामुळे तो कायमचा अडकून पडत नाही. त्याला साधारण एक पंचमांश उशीर होतो. शिक्क्यापेक्षा ही पद्धत सरस ठरते, कारण तिला कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

मग आता काय बिघडले?

आज दुकाने एकच मेल ५० हजार पत्त्यांवर पाठवत नाहीत. प्रत्येकात ग्राहकाचे नाव आणि सदस्यत्व रद्द करण्याची त्याची स्वतंत्र लिंक असते. दिवसाला ५ हजारांहून अधिक मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय द्यावी लागते. हे नियम २०२४ मध्ये लागू होऊ लागले. त्यामुळे सर्व्हरला एक मोठा मेल दिसत नाही, तर एकेक पत्त्याचे ५० हजार छोटे मेल दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात एकेक पान घेतलेले ५० हजार लोक! आता पत्ते मोजून काय उपयोग?

त्यात पोस्टफिक्सच्या चालू रांगेत मूळ सेटिंगनुसार २० हजारच मेल मावतात. ती जाहिरातींनी भरली, तर पासवर्डचा मेल बाहेरच थांबतो आणि रांग-व्यवस्थापकाच्या हिशेबातही येत नाही.

समोरच्याचे दार हा आणखी एक अडथळा. एका आयपी पत्त्यावरून फार मेल येऊ लागले की घेणारा सर्व्हर ‘नंतर या’ असा तात्पुरता नकार देतो. पोस्टफिक्स मग सहसा निदान ५ मिनिटे थांबतो आणि नकार मिळत राहिले तर हे अंतर तासाभराच्या वर जाते. पासवर्डची लिंक त्याच आयपीवरून गेली तर तिच्याही वाट्याला हेच येते. घरच्या रांगेतला पहिला नंबर तिथे चालत नाही.

म्हणून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांनी जाहिराती आणि तातडीचे मेल यांची रांग आणि आयपी दोन्ही वेगळे ठेवणे हाच सध्या खात्रीचा मार्ग. २००९ च्या २.६ आवृत्तीपासून एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र पोस्टफिक्स सांभाळणे सोपे झाले आहे. पण नव्या आयपीची ओळख कोणालाच नसते. सुरुवातीचे काही आठवडे त्यावरून थोडेच मेल सोडावे लागतात. ज्या छोट्या दुकानाला हे परवडत नाही, त्याने निदान ऑफरचे सगळे मेल एका दमात सर्व्हरवर ओतू नयेत. ते दिवसभरात थोडे थोडे सोडले, की मधेच आलेल्या पासवर्डच्या लिंकला रांगेत जागा मिळते.